यांची आई कुठंय?

आमच्या खाला कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. एका डोळ्यानं आता नीट दिसत नाही, पण एसटीनं एकट्या लातूरला येतात. मागच्या वर्षी रमजान ईद झाल्यावर अशाच आल्या. असरची नमाज झाल्यावर परसात बाजेवर बसल्या, चहा घेतला आणि माझ्या कोंबड्यांकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते की आता कौतुक करतील. शहरात राहून भाचीनं तीस कोंबड्या सांभाळल्या, ही काही लहान गोष्ट नव्हती. बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, "इनकी अम्मा कां है?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, खाला, पिल्लं विकत आणली होती, टेम्पोवाल्याकडून. गावरान आहेत. शुद्ध गावरान.

खाला हसल्या. "गावरान है तो अम्मा होना ना बेटा. मशीनके बच्चे हैं ये."

आधी टेम्पोवाल्याचं सांगते. त्याच्या दहा महिने आधी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या वस्तीत एक पिकअप आला होता. मागं जाळीच्या पेट्या, त्यात चिवचिवणारी पिल्लं. भोंग्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं, त्यात 'शुद्ध' आणि 'गावरान' हे शब्द एका दमात चार वेळा यायचे. पिल्लं दिसायला छान होती. कुणी तांबूस, कुणी काळपट, कुणी राखाडी पट्ट्यांचं. बॉयलरची सगळी पिवळी असतात, ही रंगीत आहेत म्हणजे गावरानच, असा माझा हिशोब. महिनाभराची चाळीस घेतली. दहा मेली. तीस जगली. त्यातले बारा कोंबडे निघाले, अठरा तलंगा.

घरात पैसे यावेत हा हेतू होताच, खोटं कशाला बोलू. पण दुसरंही एक कारण होतं. आपल्या घरांत जचकी झाली की चाळीस दिवस बाळंतिणीला देसी कोंबडीची यखनी लागते. अम्मीनं मला दिली, नानीनं अम्मीला दिली. लातूरसारख्या शहरात ती खात्रीची मिळणं अवघड झालंय. गंजगोलाईच्या बाजूला विचारा नाहीतर आठवडी बाजारात, प्रत्येक जण गावरान म्हणूनच विकतो. म्हणून माझ्याकडची विकायला वेळ लागला नाही. मोठा कोंबडा पाचशे रुपये. अंडं पंधरा रुपये. नात्यातल्या एका भाभींनी मुलीच्या जचकीसाठी चार कोंबडे नेले. शेजारच्या काकू दर आठवड्याला डझनभर अंडी न्यायच्या. एक निवृत्त गुरुजी आपल्या आजारी आईसाठी रोज दोन अंडी नेत. सगळ्यांना मी एकच शब्द सांगितला होता: गावरान.

खालांनी त्या संध्याकाळी मला माझ्याच कोंबड्या वाचायला शिकवल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, कुराण शरीफ तेवढं वाचतात. पण कोंबडी त्या पुस्तकासारखी वाचतात.

पहिली गोष्ट त्या म्हणाल्या ती वयाची. माझ्या सगळ्या कोंबड्या एका उंचीच्या, एका वजनाच्या, एकाच दिवशी जन्मलेल्या. गावाकडच्या परसात असं कधी नसतं. तिथं एक म्हातारी, दोन अंड्यावरच्या, एक खुडूक, एक पिल्लंवाली, चार अर्धवट वाढलेली पोरं आणि एखादा माजलेला कोंबडा, असं भरलं घर असतं. एकाच आईची सात पिल्लं घ्या, सात तऱ्हेची निघतील. माझ्या कोंबड्या रंगानं वेगवेगळ्या होत्या हे खरं, पण बांधा एकच. "कपडे अलग अलग, शकल एकीच," असं खालांचं म्हणणं.

मग त्यांनी एक तलंग धरून आणायला लावली. ती सहज हाती लागली, हीच दुसरी खूण. खालांच्या कोंबडीला दिवसाउजेडी धरायचं तर दोन पोरं आणि एक डालं लागतं. हातात घेऊन त्यांनी छातीवरून बोट फिरवलं. गावरान कोंबडी हाताला हाडाची लागते. छातीचं हाड धारदार, मांस त्याच्या दोन्ही बाजूंनी बेताचं. पूर्ण वाढ झालेली कोंबडी किलो, सव्वा किलो, फार तर दीड. त्यालाही पाच-सहा महिने लागतात. माझी चौथ्या महिन्यातच दीड किलोवर गेली होती आणि मी ते माझ्या चांगल्या दाण्याचं श्रेय समजत होते. पाय बघितले. जाड, पिवळे, आखूड. गावरानचे पाय बारीक आणि लांब, रंगाला पिवळे, राखाडी, काळपट काहीही. तुरा बघितला. मादी असूनही माझ्या तलंगेचा तुरा मोठा, उभा, वरून एका बाजूला कललेला. गावरान मादीचा तुरा बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढा.

मी म्हटलं, पण खाला, दोघींची मान उघडी आहे, तशी तुमच्याकडेही आहे. त्यावर त्या गप्प राहिल्या. याचं उत्तर मला नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलं. उघडी मान काय आणि उलटी पिसं काय, हे गुण संकरातही सहज उतरतात. आईबापांपैकी एकात असले तरी पिल्लांत दिसतात. हैदराबाद आणि इज्जतनगरच्या सरकारी संस्थांनी अशा देशी गुणांचा वापर करून संकर तयारही केले आहेत. तेव्हा उघडी मान बघून गावरान म्हणणं म्हणजे टोपी बघून माणूस नमाजी आहे म्हणण्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी एक घार वरून गेली. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. खालांनी बोट दाखवलं. माझ्या कोंबड्या अंगणाच्या मधोमध तशाच उभ्या, एकीनंसुद्धा मान वर केली नाही. गावात घारीची सावली पडली की आई एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं असतील तिथं गवतात, लाकडाखाली, म्हशीच्या पायाखाली गडप होतात. माझ्यांना तो आवाज काढणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्या बल्बखाली वाढल्या होत्या. मगरिबच्या अजानला खालांच्या कोंबड्या कडुनिंबावर चढतात, त्यांना उतरवून खुराड्यात घालणं हे घरातल्या पोरांचं काम. माझ्या रांगेनं खुराड्यात जाऊन बसल्या. मला ती शिस्त वाटायची.

शेवटचा प्रश्न खालांनी हळू आवाजात विचारला. यातली एक तरी खुडूक बसली का?

नव्हती बसली. चार-साडेचार महिने अंडी देत होत्या, दिवसाआड, कधी रोज. मी अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोजत होते. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी दिली तरी पुष्कळ. दहा-पंधरा घातली की ती खुडूक होते, अंग फुगवून बसते, जवळ गेलं की टोचते, दाणापाणी विसरते आणि एकवीस दिवस जागची हलत नाही. मग दोन-तीन महिने पिल्लांमागं. तिची सगळी कमी अंडी या बसण्यातच गेलेली असतात. हॅचरीला बसणारी कोंबडी परवडत नाही. तिथं बसायला यंत्र आहे. म्हणून पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्याच निवडत गेले आणि बसायची ओढच कमी होत गेली. माझ्या परसात जी बरकत मी मोजत होते ती मुळात एक वजाबाकी होती.

दुसऱ्या दिवशी मी खालांशी वाद घालायच्या तयारीत एक कोंबडी पिशवीत घालून दवाखान्यात गेले. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, नुसतं बघून जातीचं नाव सांगणारा माणूस मी नव्हे, पण ही गावरान नाही. बहुधा सोनालीसारखा संकर असावा. सोनाली म्हणजे अमेरिकेतला रोड आयलंड रेड कोंबडा आणि इजिप्तमधली फयूमी कोंबडी यांची पिल्लं. हा संकर बांगलादेशात तयार झाला, तिथं घरोघरी पाळतात, आणि आपल्याकडे 'देसी' म्हणून सर्रास विकला जातो. मला हसूही आलं आणि रडूही. कंधारची म्हणून मी जी यखनीसाठी दिली तिचा बाप अमेरिकेचा आणि आई मिसरची!

त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला पटलं. वनराजा, ग्रामप्रिया या जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं मुद्दाम परसासाठीच तयार केल्या. रंगीत पिसं ठेवली ती खेड्यातल्या बायकांना आवडावीत, पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते म्हणून. त्या काटक आहेत, अंडी दुप्पट देतात. आपल्या राज्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथून अशी पिल्लं त्यांच्या नावानिशी मिळतात. ज्या घरात पोरांना रोज अंडं द्यायचंय तिनं ती खुशाल पाळावी. कोंबडीत खोट नाही. खोट नावात आहे.

आणि मांसाचं म्हणाल तर बिस्मिल्लाह म्हणून जबिहा केलेली हॅचरीची कोंबडी गावरानइतकीच हलाल. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याच वस्तीत काही बायकांनी माझी गोष्ट ऐकून भलताच अर्थ काढला.

'शुद्ध' या शब्दाचंही थोडं बोलायला हवं. आपल्या भागाला जनावराच्या जातीचं भलतं वेड. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी, या दोन गाईंची नावं सगळ्या देशात गेली. आमचे अब्बा लाल कंधारी बैलाच्या शिंगाच्या वळणावरून तासभर वाद घालायचे. नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार आणि प्रदर्शनं, त्यात कोंबड्यांचंही प्रदर्शन असतं. लहानपणी अब्बांबरोबर मी गेलेय. पण आमच्या परसातल्या कोंबडीला देवणीसारखं नाव नाही. असील, कडकनाथ, अंकलेश्वर यांना आहे. नंदुरबारकडच्या बुसऱ्याला आहे. मराठवाड्याची ती नुसती गावरान, म्हणजे गावात असते ती. मला वाटतं, बैल पुरुषांचा होता म्हणून त्याची वंशावळ राहिली. कोंबडी बायकांची. तिचे अंडी विकलेले दोन रुपये पदराच्या गाठीत जायचे आणि तिची जात खालांसारख्या बायकांच्या डोळ्यांत राहायची. त्या बायका गेल्या की टेम्पोवाल्याला कोण विचारणार?

नाव असलेल्यांचंही फार बरं चाललंय असं नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. 2018 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच सुमारास आपल्याकडे त्याची अशी हवा झाली की लोकांनी कर्ज काढून पिल्लं घेतली, आणि 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे कोट्यवधी बुडाले. अजूनही मोबाइलवर काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो फिरतात. कडकनाथची कातडी, हाड, जीभ काळी असते, अंडं मात्र साधं बदामी पांढरट. रक्तही लालच. आणि त्याचा काळा रंग संकरातही उतरतो, तेव्हा काळी दिसली म्हणून कडकनाथ झाली असंही नाही.

अंड्यांचंही तसंच. तपकिरी कवच म्हणजे गावरान, हा समज पक्का बसलाय. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. अंडं बाहेर पडण्यापूर्वी शेवटच्या काही तासांत तो वरून चढतो. रोड आयलंड रेडचं अंडं गावरानपेक्षा जास्त तपकिरी असतं. काही महाभाग पांढरी अंडी रंगवूनही विकतात. ओल्या फडक्यानं, नाहीतर लिंबाच्या फोडीनं घासून बघावं, पण खऱ्या तपकिरी अंड्याचा रंगही लिंबानं थोडा निघतो, म्हणून यावर फार विसंबू नये. पिवळा गडद बलक हा दाण्याचा गुण. मका, हिरवा पाला, झेंडूचा अर्क घातला की कुठल्याही कोंबडीचा बलक केशरी होतो. आकार मात्र थोडं खरं बोलतो. गावरानचं अंडं लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि एकाच घरची डझनभर अंडी घेतली तर एक लांबट, एक गोल, एक फिकट, एक ठिपक्यांचं. बारा एकसारखी दिसली तर समजून घ्यावं.

शिजायला वेळ लागला म्हणजे गावरान, हेही अर्धंच खरं. अंडी देऊन थकलेली लेयर कोंबडी दीड वर्षानंतर स्वस्तात निघते. तीसुद्धा म्हातारपणामुळे चिवट असते आणि तपकिरी असली तर बाजारात गावरान होऊन बसते. तिची चोच बघा. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून लेयरच्या चोचीचं टोक लहानपणीच कापतात. बोथट चोचीची गावरान कोंबडी नसते. खाला हे ऐकून फार चिडल्या होत्या. चोच कापल्यावर उकिरडा कसा उकरायचा तिनं, म्हणाल्या.

एवढं सगळं कळल्यावर माझी खरी अडचण सुरू झाली. विकलेल्यांचं काय?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, तू जाणूनबुजून केलं नाहीस, अल्लाह नियत बघतो. खरंच होतं ते. कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पण आज सकाळी गुरुजी अंडी न्यायला आले तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी दोन अंडी देऊन तीस रुपये घेतले होते. तोंडातून गावरान हा शब्द काढला नाही एवढंच. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात होते, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. धान्याची रास होती, त्यांनी आत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वरती का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं, असं त्यांनी विचारलं, आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असं बजावलं. मी ही हदीस शंभर वेळा ऐकली असेन आणि प्रत्येक वेळी तो विक्रेता मला लबाड वाटायचा. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पाऊस तर त्यानं पाडला नव्हता. त्या बिचाऱ्याचंही टेम्पोवाल्यासारखं कुणीतरी असेल. त्याला विचारलं गेलं ते पावसाबद्दल नव्हतं, आतला ओला दाणा वर न ठेवल्याबद्दल होतं.

मी वहीत हिशोब काढला. अंडी किती, कोंबडे किती, कुणाला. गावरान आणि साधी यांच्या भावातला फरक धरला तर सहा हजारांच्या वर जात होता. तेवढे माझ्याजवळ नव्हते. ठरवलं की आधी सगळ्यांना सांगायचं, मग ज्याला पाहिजेत त्याला हप्त्यानं द्यायचे.

पहिल्यांदा भाभींकडे गेले, कारण तिथंच जायची भीती जास्त होती. बाळ चार महिन्यांचं झालं होतं. भाभींनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, लेक ठणठणीत आहे, बाळ ठणठणीत आहे, आता त्या कोंबड्याची जात काढून काय करायचं? पैसे नको म्हणाल्या. मी ठेवलेच. दोन दिवसांनी त्यांच्या सासूबाईंनी निरोप पाठवला की पुढच्या वेळी कंधारहून मागवून द्या. निरोपात राग होता की नव्हता हे मला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या काकूंचं बोलणं मात्र लागलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. माझं माहेर अहमदपूरकडचं, मला का गावरान अंडं कळत नाही? पण तू एवढ्या हौसेनं सांगत होतीस, म्हटलं कशाला बोला." म्हणजे पाच महिने त्या जाणूनबुजून पंधरा रुपये देत होत्या, आणि मला काय समजत होत्या, ते विचारायची हिंमत झाली नाही. पैसे त्यांनी मोजून घेतले. बरं केलं. आता त्या अंडी नेतात, आठ रुपयांनी, आणि मला वाटतं पहिल्यापेक्षा मोकळेपणानं बोलतात.

गुरुजींना सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या आईचं निधन आदल्या आठवड्यात झालं होतं, मला कळलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत. पुन्हा आले नाहीत. रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात. ते आजवर मनातून गेलेलं नाही. आजारी माणसाला अंड्यातून जे मिळायचं ते मिळालंच असणार, गावरान अंडं म्हणजे औषध नव्हे. पण त्यांनी ते औषध समजून नेलं होतं आणि समजूत माझ्या शब्दावर होती.

टेम्पोवाला त्यानंतर एकदा आला होता. मी म्हटलं, बाबा, यांची आई दाखव. तो म्हणाला, कुणाची आई? मी म्हटलं, या पिल्लांची. बायका हसल्या. तो पुढच्या गल्लीत गेला, भोंगा तसाच चालू.

पुढं मी खालांकडून तेरा अंडी आणि एक खुडूक कोंबडी आणली. एसटीत पाटीत भुसा घालून, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं आणि मग स्वतःच हसला. विषम आकडा ठेवायचा ही खालांची पद्धत, का ते त्यांनाही सांगता येत नाही. तेरातली नऊ निघाली. दोन घारीनं नेली, एक मुंगसानं, सहा वाढली. सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब घातला, कारण मानमोडी जात विचारत नाही. गावरानला रोग होत नाही हे ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकू नका. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या, 2025 च्या जानेवारीत आपल्या उदगिरात कावळे पटापट पडले. कावळ्याइतकं गावरान तर कुणीच नसेल.

आता माझ्या दारात पुठ्ठ्याच्या दोन पाट्या आहेत. एकीवर लिहिलंय 'गावरान, कंधारची' आणि दुसरीवर 'हॅचरीची, रंगीत'. गावरानच्या पाटीखाली बहुतेक दिवस काहीच नसतं, कारण त्या देतातच थोडी आणि पुन्हा बसतात. हॅचरीच्या कोंबड्यांतला उरलेला एक कोंबडा मी विकून टाकला, नाहीतर पुढची पिढी पुन्हा सरमिसळ. खालांना हे सांगितलं तर त्यांनी एक गोष्ट कबूल केली. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गावात कुठल्याशा योजनेत पिल्लं वाटली होती. त्यातले कोंबडे गावभर हिंडले. त्यांच्या स्वतःच्या परसात एक कोंबडी आहे, तुरा जरा मोठाच आहे तिचा. मी विचारलं, मग तुमची तरी शुद्ध कशावरून? खाला म्हणाल्या, शुद्ध-बिद्ध मला माहीत नाही. जी बसते, पिल्लं काढते आणि घारीच्या अंगावर जाते ती माझी.

गेल्या महिन्यात एक भलतंच झालं. त्या पहिल्या तीसातल्या पाच-सहा म्हाताऱ्या अजून आहेत. त्यातली राखाडी पट्ट्यांची एक दोन दिवस खुराड्यातून बाहेर आली नाही. मला वाटलं आजारी आहे. हात घातला तर फुस्स करून टोचली. अंग फुगवलेलं, पोटाखाली पाच अंडी, त्यातली तीन स्वतःची असावीत आणि दोन कंधारवालीची. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, फयूमीचं रक्त असेल तर होतं असं, दोन-तीन वर्षांची झाली की बसते कधीकधी.

खालांना फोन लावला. म्हटलं, हॅचरीवाली बसलीय, आणि पिल्लं निघाली तर मी त्यांना कुठल्या पाटीखाली ठेवू?

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारलं, "पानी रख्खी क्या उसके पास?"

नव्हतं ठेवलं. फोन तसाच ठेवून मी वाटी शोधायला गेले.